तराजूची परीक्षा कोणी करावी?

खानापूर तालुक्यातील गुंजी हे गाव लोंढा-बेळगाव लोहमार्गावर, दाट रानाच्या कुशीत वसलेले आहे. माउलीच्या देवस्थानामुळे ते गोमंतकीयांनाही परके नाही. या गावच्या मतदाराला मतदानाच्या दोन्ही रीती परिचयाच्या आहेत. डिसेंबर २०२० मधील ग्रामपंचायत निवडणुकीत कर्नाटकातील बिदर जिल्हा वगळता सर्वत्र मतपत्रिका वापरल्या गेल्या. विधानसभेच्या व लोकसभेच्या वेळी मात्र त्याच मतदाराने यंत्राची कळ दाबली. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने पंचायती व नगरसंस्था यांच्या पुढील निवडणुका मतपत्रिकेनेच घ्याव्यात अशी शिफारस केली आणि जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूने यंत्राला देव्हाऱ्यात बसविले, दुसऱ्या बाजूने त्याला सुळावर चढविले. या गदारोळात खरा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. या यंत्राची परीक्षा कोण घेतो, आणि त्या परीक्षकाची परीक्षा कोण घेतो?

हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. बाजारातील वाण्याचा तराजू घ्या. वाणी कितीही सचोटीचा असला तरी आपल्या वजनांवर आपणच शिक्का मारण्याची मुभा कायद्याने त्याला दिलेली नाही. तो शिक्का वैधमापन खात्याचा अधिकारी मारतो, त्याची मुदत ठरलेली असते आणि ग्राहक तो पाहू शकतो. शेरभर तांदळासाठी आपण जी दक्षता घेतो, ती राज्य कोणी करावे हे ठरविणाऱ्या यंत्रासाठी घेतो काय?

या यंत्राचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. मे १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघात पन्नास मतदान केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. विजयी उमेदवाराचे मताधिक्य अवघे १२३ होते. पराभूत उमेदवार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्याची अनुज्ञा नसताना यंत्र वापरता येणार नाही. फेरमतदान झाले आणि निकाल उलटला. त्यानंतर डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घालण्यात आले व यंत्राला कायद्याचा आधार मिळाला. पुढे जून १९९९ मध्ये आमच्या गोव्याची विधानसभा निवडणूक संपूर्णपणे यंत्रांवर झाली. साऱ्या राज्याने यंत्रावर मत देण्याचा देशातील तो पहिला प्रसंग. २०१७ मध्ये चाळीसही मतदारसंघांत मताची चिठ्ठी दाखविणारी जोडयंत्रे प्रथम बसविली गेली तीही गोव्यातच. नव्या यंत्राचा पहिला प्रयोग ज्या भूमीवर झाला, त्या भूमीतील नागरिकांना त्याच्या तपासणीविषयी विचारण्याचा अधिकार अधिक आहे, असे आम्ही मानतो.

आजची व्यवस्था काय आहे? बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या यंत्रे बनवितात. तज्ज्ञांची एक समिती निवडणूक आयोगाला सल्ला देते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाखालील 'एसटीक्यूसी' हे संचालनालय यंत्रांची चाचणी घेते. मतदानापूर्वी राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर प्राथमिक तपासणी होते आणि मतदानाच्या दिवशी सकाळी नमुना मतदानही होते. ही सारी दक्षता कौतुकास पात्र आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. यंत्राने मतपेट्या पळविण्याचे व शिक्क्यांचे ढीग मारण्याचे प्रकार थांबविले, हेही खरेच.

तथापि या व्यवस्थेत एक उणीव राहून गेली आहे. यंत्र बनविणारी एक कंपनी संरक्षण मंत्रालयाखाली, दुसरी अणुऊर्जा विभागाखाली आणि तपासणारे संचालनालय तिसऱ्या मंत्रालयाखाली आहे; तिन्ही वाटा अखेर एकाच सरकारच्या दारात पोहोचतात. यंत्राच्या रचनेला मान्यता देण्याचा अधिकार नियमाने आयोगाला दिला आहे. परंतु ती रचना कोणत्या प्रयोगशाळेने, कोणत्या कसोट्यांवर तपासावी आणि त्या प्रयोगशाळेची पात्रता कोणी ठरवावी, याविषयी ६१-अ कलम मौन पाळते. रक्ततपासणीच्या अहवालावर अधिस्वीकृती मंडळाची 'एनएबीएल' ही अक्षरे शोधणारा सुशिक्षित मतदार, मतदानयंत्राच्या चाचणीचा अहवाल कधी वाचू शकत नाही. परीक्षा झाली, उत्तीर्णही झाले, परंतु गुणपत्रिका दाखविणार नाही, असा हा प्रकार आहे.

परीक्षकाची परीक्षा न घेतल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेने दिला आहे. तेथे २००२ च्या कायद्याने निवडणूक साहाय्य आयोग स्थापन झाला आणि मतदानयंत्रे तपासणाऱ्या प्रयोगशाळांना अधिस्वीकृती देण्याचे काम त्याच्याकडे आले. राष्ट्रीय मानक संस्थेने प्रयोगशाळेची पाहणी करून शिफारस करावयाची व आयोगाने मान्यता द्यावयाची, अशी ती पद्धत आहे. ही छाननी सुरू होताच काय दिसले? वर्षानुवर्षे यंत्रांना पसंतीची पावती देणाऱ्या सायबर नामक कंपनीच्या प्रयोगशाळेला आवश्यक त्या सर्व चाचण्या आपण घेतल्याचे कागदोपत्री सिद्ध करता आले नाही. २००६ च्या उन्हाळ्यात तिला नव्या यंत्रांच्या तपासणीपासून दूर ठेवण्यात आले. परंतु ही गोष्ट जनतेला कळली ती जानेवारी २००७ मध्ये, वृत्तपत्रांतून. मधल्या नोव्हेंबरात देशभर मतदान होऊन गेले होते! या प्रकरणावर टीका झाली. चाचण्यांचे आराखडे व अहवाल आता तेथे सर्वांसाठी प्रसिद्ध केले जातात. तेथील पद्धतही निर्दोष नाही. प्रयोगशाळेचे शुल्क यंत्राचा उत्पादकच भरतो, आणि ज्याची भाकरी खावी त्याच्या चुका काढणे कोणालाही जड जाते. तरीही मान्यता द्यावयाची तशी काढूनही घ्यावयाची, आणि दोन्ही गोष्टी उजेडात करावयाच्या, हे तत्त्व त्यातून रुजले.

जर्मनीचा अनुभव याहून खोल आहे. तेथील यंत्रे सरकारच्या नामांकित मापनसंस्थेने तपासलेली होती. असे असूनही ३ मार्च २००९ रोजी तेथील घटना न्यायालयाने २००५ च्या निवडणुकीतील त्यांचा वापर घटनाबाह्य ठरविला. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. तज्ज्ञाचा शिक्का मोलाचा खरा, परंतु तो नागरिकाच्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडील चिठ्ठीचे जोडयंत्र याच गरजेतून आले.

सीमाभागात या विषयाला आणखी एक धार आहे. १९५६ च्या पुनर्रचनेने म्हैसूर राज्यात गेलेल्या मराठी माणसाने आपले म्हणणे प्रामुख्याने मतपेटीतूनच मांडले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावातून तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. मतपत्रिका म्हणजे एक पुस्तकच झाले. २०१९ मध्ये पुन्हा तोच मार्ग चोखाळून ५७ उमेदवार उभे राहिले, परंतु चार मतदान-एकके जोडून यंत्राने तो भार पेलला. ज्या समाजाचा राज्यकर्त्यांशी भाषेचाच वाद आहे, त्याला सरकारी कंपनीने बनविलेले व सरकारी संचालनालयाने तपासलेले यंत्र पुढे करून 'विश्वास ठेवा' एवढेच सांगणे पुरेसे होणार नाही.

आम्हां गोमंतकीयांना याची जाणीव असावयास हवी. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दोन पानांना १,७२,१९१ व फुलाला १,३८,१७० मते पडली. विलीनीकरणाची आस बाळगणाऱ्या घराघरांत तो पराभव कटू होता. तरीही कौल मान्य झाला आणि गोवा पुढे गेला. निवडणूक जिंकणाऱ्याला पुराव्याची गरज नसते. हरणाऱ्याची खात्री पटविणे हीच मतमोजणीची खरी कसोटी होय. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहण्याचा प्रयत्न केला आणि पोलिसांनी तो थांबविला. त्या ग्रामस्थांचा संशय खरा होता की खोटा, हा मुद्दा वेगळा. त्या संशयाला उत्तर देणारा विश्वासार्ह तिऱ्हाईत कोणी नव्हता, ही बाब चिंतेची आहे.

२६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रपद्धती कायम ठेवली आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची स्मृती तपासून घेण्याची संधी दिली. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु तपासणार कोण? यंत्र बनविणाऱ्या कंपनीचेच अभियंते! वाण्याच्या तराजूविषयी तक्रार केल्यावर वाण्याच्याच मुनिमाने तो तपासावा, अशातला हा न्याय झाला.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. मतदानयंत्रे तपासणाऱ्या प्रयोगशाळांची अधिस्वीकृती कायद्याने बांधली जावी. त्या उत्पादकांपासून व सत्तारूढ सरकारपासून अंतर राखणाऱ्या असाव्यात. विद्यापीठे व तंत्रशिक्षणसंस्था यांतील जाणकारांना तेथे स्थान मिळावे. कसोट्या आधी जाहीर व्हाव्यात, अहवाल नंतर प्रसिद्ध व्हावेत, आणि एखाद्या प्रयोगशाळेची मान्यता स्थगित झाली तर ती वार्ता मतदानापूर्वी लोकांना कळावी. राज्य निवडणूक आयोगांच्या यंत्रांनाही हाच दंडक लागू असावा. सुरक्षिततेचे कारण सांगून काही तपशील झाकावा लागेल, हे समजू शकते. परंतु निष्कर्षच झाकून ठेवणे समर्थनीय नाही.

मतपत्रिका हवी की यंत्र, हा निर्णय लोकांनी व त्यांच्या प्रतिनिधींनी खुशाल घ्यावा. यंत्र ठेवावयाचे असेल तर मात्र ते तपासणारा निःपक्ष असला पाहिजे आणि त्याचा निःपक्षपणा दिसलाही पाहिजे. सोनाराच्या तराजूतील गुंजभर फरकाने एखाद्या घराचे नुकसान होते. मतांच्या तराजूविषयी गुंजभर संशय उरला तरी साऱ्या राज्याचे होते. तो संशय फेडण्याचे काम पुढील निवडणुकीचा बिगूल वाजण्यापूर्वीच व्हावयास हवे.