पत्र्यावरची भोकं मोजून रान राखता येत नाही

आज जरा लांब लिहितोय, पण विषय आपल्या बांधावरचाच आहे. पूर्ण वाचा, मग शिव्या घाला.

मागच्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे मक्याचं नुकसान बघायला गेलो होतो. गाव-नाव सांगणार नाही. रानडुकरांनी चार रात्रींत अर्धा एकर मका आडवा केलेला. कणसं खाल्ली ती खाल्ली, बाकीचं तुडवून मातीत घातलं. चहा झाल्यावर आप्पा मला खळ्यामागे घेऊन गेले. तिथं निंबाला टेकवून कोठीचं जुनं पत्र्याचं झाकण ठेवलेलं. झाकणाला भोकं. "घरीच भरलेलं काडतूस आहे. दोनदा मारून पाहिलं," आप्पा म्हणाले. आवाजात कौतुक होतं.

मी झाकण नीट पाहिलं. एका बाराची भोकं सगळी एका कोपऱ्यात, गचडी झाल्यासारखी. दुसऱ्या बाराची अख्ख्या झाकणावर मोजून तीन. एक छर्रा निंबाच्या सालीत रुतलेला. "आणि बाकीचे कुठे गेले?" विचारलं, तर आप्पा हसले.

बाकीचे कुठे गेले ते आठ दिवसांनी कळलं. शेजारच्याने बांधावर गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्यांना आरपार भोकं होती. तो बिचारा खारींना शिव्या देत होता. मी गप्प बसलो, हे चुकलंच माझं.

आता ज्यांना बंदुकीतलं कळतं ते म्हणतील, मारून बघणं चांगलंच की. बरोबर. पण बघायची रीत काय असते? बारा बोरच्या काडतुसाची रूढ चाचणी म्हणजे ४० यार्डांवरून कागदावर बार काढायचा, ३० इंचाच्या वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजायचे, आणि हे एकदा-दोनदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच वागलं पाहिजे, तरच त्या मोजणीला अर्थ. हाताने भरलेल्या मालात नेमकं तेच नसतं. आजचा बार कोपऱ्यात, उद्याचा चारी दिशांना, आणि परवाचा नळीतच फुटून बोटं आणि डोळा घेऊन जाणारा. मोठे छर्रे असले की ते संख्येने कमी, म्हणून फाकले की मधे मोकळी जागा राहते. डुक्कर त्यातून जखमी होऊन निसटतं. जखमी डुक्कर सकाळी कापसात कोणाला भेटतं? वेचायला आलेल्या बायांना.

गंमत बघा, आपल्याच जिल्ह्यात वरणगावला सैन्याची काडतुसं बनतात. भुसावळलाही आयुध निर्माणी आहे. बारा बोरची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. तिथं नोकरी केलेले कितीतरी लोक आपल्या नात्यागोत्यात आहेत. त्यांना विचारा, एक लॉट बाहेर पडायच्या आधी किती वेळा तपासला जातो. आणि आपण खळ्यामागे निंबाला झाकण टेकवून दोन बार काढतो आणि पास करतो!

पण माझी खरी भीती वेगळी आहे. डुक्कर रात्री येतं, आणि आपला माणूसही रात्रीच शेतात असतो. कारण शेतीची थ्री फेज लाईट पाळीने मिळते, रात्रीची पाळी आली की बारा-एकला मोटर चालू करायला जावंच लागतं. एका शेतात मचाणावर बंदूक घेऊन बसलेला, आणि पलीकडच्या शेतात बॅटरी घेऊन बारे देणारा. मका डोक्याच्या वर. पलीकडे सळसळ झाली तर ती डुकराची की सालदाराची, हे अंधारात कोण सांगणार?

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एरंडोल तालुक्यात वरखेडीला काय झालं ते आठवा. जनावरं येऊ नयेत म्हणून शेताला सोडलेल्या विजेच्या तारेने एका कुटुंबातले पाच जण गेले. तार असो की घरचं काडतूस, समोर कोण आलंय ते दोघांनाही कळत नाही.

कायद्याचं म्हणाल तर विनापरवाना हत्यार किंवा दारूगोळा बनवला तर शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. डुकरापायी सात वर्षं आत! रोही आणि रानडुक्कर दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं तर तो गुन्हा वेगळाच.

हे आप्पांना सांगितलं तर ते एकच वाक्य बोलले, "डुकरं काय कागद देखीसन येतस का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारण कागदाचा रस्ता आहे, पण त्यावर चालून बघा. शस्त्र कायदा १९५९ चं कलम १३ वाचा. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची त्यात स्पष्ट तरतूद आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला वाटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. म्हणजे १९५९ मध्ये दिल्लीत बसलेल्यांना शेतकऱ्याची अडचण कळली होती! पण त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय, पोलिसांचा अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला, आणि एवढं करून परवाना मिळाला तरी निवडणूक लागली की बहुतेकांना बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात झाल्या. डुकरांना आचारसंहिता नसते.

मग माणूस काय करतो? सोपा रस्ता धरतो. चोपड्यापलीकडे मध्य प्रदेशच्या हद्दीतलं उमर्टी गावठी कट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. तिथली हत्यारं शेतकरी आणतो असं मी म्हणत नाही, तो धंदा गुंडांचा. पण ज्या भागात बेकायदा माल इतका जवळ आणि कायदेशीर परवाना इतका लांब, तिथं घरगुती जुगाड करण्यात काही वावगं वाटेनासं होतं, एवढंच म्हणायचंय.

केरळने २०२२ मध्ये एक चांगला मार्ग काढला. पिकाची नासधूस करणारी रानडुकरं मारायचा आदेश द्यायचे अधिकार ग्रामपंचायत आणि नगरपालिकेच्या प्रमुखांना दिले. गोळी कोणी घालायची? परवानाधारक बंदूकवाल्याने. नियम पाळून, नोंद ठेवून. आपल्याकडे का नको? रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, साक्री, या प्रत्येक तालुक्यात वनखात्याच्या देखरेखीखाली परवानाधारक नेमबाजांची एक टोळी उभी करा, काडतूस कारखान्याचं द्या, आणि ज्या रात्री ते येणार त्या रात्री आजूबाजूच्या शिवारात दवंडी द्या. आणि त्याच्याही आधी डोंगराकडेच्या फीडरला दिवसाची लाईट द्या. सौर कृषिवाहिनीच्या जाहिराती खूप झाल्या, आमच्या डीपीवर कधी येणार ते सांगा. माणूस रात्री शेतातून कमी झाला तर अर्धा धोका तिथंच मिटतो.

काही मित्र म्हणतील, सगळी डुकरं मारून टाका. २०१६ मध्ये बिहारात मोकामाला रोही मारायला हैदराबादहून नेमबाज आणले, दोनशेच्या वर मारले, देशभर गाजलं. त्याने प्रश्न संपला असता तर मीही तेच मागितलं असतं.

पुढच्या ग्रामसभेत मी दिवसाच्या लाईटीचा आणि नुकसानीच्या पडून असलेल्या पंचनाम्यांचा विषय लेखी देणार आहे. तुमचा अर्ज पडून असेल तर खाली तालुका, पीक आणि अर्जाची तारीख टाका, यादी सोबत जोडतो. घरी कोणाकडे काय भरलेलं आहे ते मात्र कोणी इथं लिहू नका.

आप्पांचं झाकण मी उचलून आणलंय. शेजाऱ्याच्या नळ्यांचे पैसे आप्पांनी दिले, कारण काय ते त्याला अजून सांगितलेलं नाही. ते मी या आठवड्यात सांगणार आहे, आप्पांना सोबत घेऊन.