रंगाआधी ब्रेक

वालीवच्या गाळ्यांत लेथवर राबणाऱ्या हातांना लोखंड नवे नाही. तरी जुनी पद्मिनी दारात आणून पहिल्यांदाच उघडणाऱ्याने दमाने घ्यावे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी. मुंबईची टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ अखेर थांबली, पण हौस थांबलेली नाही.

हौशी माणूस आधी रंगाचा डबा आणतो. तो सर्वांत शेवटी आणावा! वर्षानुवर्षे उभ्या गाडीला लगेच चावी मारू नये. टाकीतले जुने पेट्रोल काढावे, चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने फिरते का ते पाहावे.

खरे काम ब्रेकचे. ब्रेकऑइल हवेतला ओलावा ओढते, आतले सिलिंडर गंजतात. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका, भक्कम घोड्या लावा. ड्रम उघडलात की धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने तर मुळीच नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात रुतून बसतो. ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका. मुलांना दूर ठेवा. कामाचे कपडे झटकू नका, वेगळे भिजवा; नाहीतर ती धूळ कपडे धुणाऱ्या गृहिणीच्या छातीत जाते. गॅरेजात हे कुणी सांगत नाही.

आणि कागद? २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली खासगी गाडीच 'विंटेज' ठरते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, शिवाय अशी गाडी रोज कामावर नेता येत नाही. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच आरसी बुक मागून घ्यावे.