पाटीवरचे गुबगुबीत अक्षर

दुकानाची पाटी म्हणजे व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला दिलेली पहिली ओळख. तरीही बोरीवलीच्या लोकमान्य टिळक मार्गावरून फेरफटका मारला, तर कित्येक ठिकाणी इंग्रजी नाव घोटीव व ठसठशीत, आणि मराठी नाव मात्र हाती लागेल त्या अक्षरात ताणून बसवलेले दिसते. दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या सुधारणेने लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक केली. मराठी अक्षर अन्य लिपीतील अक्षरापेक्षा लहान नसावे, हेही सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या, परंतु अक्षराचा आकार कायद्याने ठरतो, त्याची शोभा मालकाच्या निवडीवर असते.

ही निवड करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षरसंस्थेने ‘मोदक’ नावाचा देवनागरी टंक घडवला आहे. सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे हे त्याचे रचनाकार. नावाप्रमाणेच तो गुबगुबीत: अक्षराच्या पोटातील पोकळी जवळजवळ भरून गेलेली, आणि अवयव वेगळे दाखवणाऱ्या केवळ बारीक फटी उरलेल्या. मोठ्या आकारात हे रूप पाहताक्षणी हसू आणते. आकार लहान केला, की त्या फटी बुजतात आणि जोडाक्षरे ओळखू येत नाहीत.

म्हणून मोदकाचे स्थान एकदोन शब्दांपुरतेच. खेळण्यांचे दुकान, मिठाई वा फरसाणाचे नाव, बाळाच्या वाढदिवसाची पत्रिका, शाळेच्या मेळाव्याचा फलक, येथे तो खुलतो. भावपत्रक, पत्ता, औषधाची चिठ्ठी यांत तो वाचकाला छळतो; शोकसंदेशात तर त्याचा खेळकरपणा मर्यादा सोडतो. पेढीच्या वा सराफीच्या पाटीवरही गंभीर वळणच शोभते, कारण तेथे गिऱ्हाईक विश्वास शोधत येते.

त्याच संस्थेचा ‘बालू’ हा टंक अधिक व्यवहारी आहे. तोही जाड आणि गोलसर, मात्र त्याच्या पोकळ्या मोकळ्या असल्याने दुकानाचे लांब नाव सहज पेलतो. ‘बालू २’ या आवृत्तीत साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजने मिळतात. शिवाय त्याच वळणाचे रोमन अक्षर सोबत आहे आणि गुजरातीसाठी ‘बालू भाई’ नावाचे भावंडही आहे. एकाच पाटीवर मराठी, गुजराती व इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या घरांना हे विशेष उपयोगी; तिन्ही लिपी एका कुटुंबातल्या दिसतात, कोणी सावत्र वाटत नाही.

हे टंक मुक्त परवान्याखाली असल्याने व्यापारी कामासाठीही विनामूल्य वापरता येतात. तेव्हा खर्चाची सबब उरत नाही.

पाटी करावयास देण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. नाव कागदावर छापून समोरच्या पदपथावरून घरातील वडीलधाऱ्यांना वाचावयास सांगावे. तसेच ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे, ऱ्हस्वदीर्घ व जोडाक्षरे मराठी जाणकाराकडून तपासून घ्यावीत. पाटी एकदा चढली की अनेक वर्षे तीच आपल्या वतीने बोलते.