आजीला कोण उचलणार?

नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला आलेल्या एखाद्या कुटुंबाकडे जरा निरखून पाहा. रांगेत शिरण्याआधी आई धाकट्याच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालते. ‘चुकामूक झाली तर जिथे चपला काढल्या तिथेच येऊन थांब, इकडेतिकडे फिरू नको,’ असे बजावते. आजीचा हात कोणी धरायचा, तेही ठरते. याला कोणी आपत्ती व्यवस्थापन म्हणत नाही. पण ते तेच असते. गंमत अशी, की हेच कुटुंब घरी परतले की हा शहाणपणा देवळाच्या पायरीशीच राहतो. रात्री दोन वाजता घरात पाणी शिरले तर कोणी कोणाला घेऊन बाहेर पडायचे, हे आपल्यापैकी किती घरांत ठरलेले आहे?

प्रश्न कल्पनेतला नाही. कोराडीहून जवळच असलेल्या नागपूर शहराने तो २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अनुभवला. महालक्ष्म्यांचा सण. घरोघरी पाहुणे, आदल्या दिवशीच्या जेवणावळींनी थकून झोपलेली माणसे. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठ सोडले. सुमारे १० हजार घरांत पाणी शिरल्याचा सरकारी अंदाज होता. मृतांमध्ये एक अंथरुणाला खिळलेली महिला होती. पाणी वाढत असताना तिला वेळेवर बाहेर काढता आले नाही.

त्याच दिवशी मूकबधिर विद्यार्थ्यांच्या शाळेतून ४० मुलांना सुखरूप बाहेर काढले गेले. बातमी आनंदाची होती, पण तिच्यातला बोध मात्र फारसा कोणी घेतला नाही. भोंगा वाजवा, आरडाओरड करा, या मुलांना ते ऐकू येणार नाही. त्यांना कोणीतरी खांद्याला धरून हलवावे लागते. प्रत्येक घरात, प्रत्येक गल्लीत अशी दोन-चार माणसे असतात. कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही, कोणाचे नुकतेच ऑपरेशन झालेले असते. सावधगिरीचा विचार या माणसांपासून सुरू व्हायला हवा. आपण मात्र तो टॉर्च आणि मेणबत्तीपासून सुरू करतो.

कोराडीकरांना संकटाची ओळख नवी नाही. १९७४ पासून वीज केंद्राच्या चिमण्यांच्या छायेत हा परिसर राहतो आहे. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखमिश्रित गाळ शेतांत पसरला, ओढ्यानाल्यांवाटे कन्हानपर्यंत गेला आणि नागपूरला पाणी पुरवणाऱ्या तिथल्या केंद्राच्या कामावर त्याचा परिणाम झाला. बांध फुटला खसाळ्याला, पण नळ कोरडा पडण्याची धास्ती शहरात. ज्या घरात दोन दिवसांचे पिण्याचे पाणी झाकून ठेवलेले असते, त्या घरातली बाई टँकरमागे धावत नाही, एवढाच त्याचा साधा अर्थ. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मंदिराच्या बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराचा भाग कोसळून मजूर जखमी झाले, ते तर याच गावात.

जुन्या वाचकांना मोवाड आठवत असेल. नरखेड तालुक्यातले हे गाव ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने उद्ध्वस्त केले. २०० हून अधिक माणसे गेली. शहरातल्या पुराला आपण ‘पाणी तुंबले’ म्हणतो, म्हणून मोवाड आपल्याला दूरचे वाटते.

याचा अर्थ प्रशासनाला मोकळे सोडावे, असा मुळीच नाही. नाग नदीचे पात्र कोणी आवळले, अंबाझरीच्या सांडव्यासमोर बांधकाम कसे झाले, हे प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले, आणि ते जायलाच हवे होते. आणखी एक विसंगती पाहा. देशाला नागरी संरक्षणाचे धडे देणारी संस्था १९५७ पासून नागपुरातच आहे; पुढे तिचेच राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. देशभरातून लोक इथे शिकायला येतात. शेजारच्या मोहल्ल्यातल्या गृहिणीला मात्र घरात पाणी शिरल्यावर आधी मेन स्विच बंद करायचा की सामान माळ्यावर टाकायचे, हे कोणी सांगितलेले नसते.

मेन स्विच आधी. तोही पाय कोरडे असतील तरच. पाण्यात उभे राहून विजेला हात लावू नये. आणि हल्ली घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरची वीज घरात खेळत राहते, ती वेगळी बंद करावी लागते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, औषधांची चिठ्ठी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या लहान मुलालाही माहीत. पाणी ओसरल्यावर साप निघतात; दंश झालाच तर जखम कापण्यात वा दोरी आवळण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. ११२ आणि १०८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत, कारण मोबाईलची बॅटरी संपली की त्यातले नंबरही जातात.

पण हे सारे मागून. आधी आजीचे ठरवा, आणि तेही तिला विचारून. खाली पाणी चढू लागले तर वरच्या मजल्यावरचे शेजारी दार उघडतील ना, हे त्यांच्याशी आजच बोलून ठेवावे. चालता न येणाऱ्या माणसाला घट्ट, हाताच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलणे हा सोपा उपाय. एका रविवारी दुपारी थोरल्या नातवाने आणि शेजारच्या काकांनी ते प्रत्यक्ष करून पाहावे. आजी हसेल, कदाचित चिडेलही. पण जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकते की नाही, ते तेव्हाच कळेल.