फेकींतील युक्ति

एंजिनाविना उडणारें, रेडिओनें वळविलें जाणारें लहान ग्लायडर हातानें हवेंत कसें सोडावें, याविषयीं आज आम्ही दोन शब्द लिहितों. पूर्वीं तें भाल्याप्रमाणें खांद्यावरून फेकीत. सन २००० च्या सुमारास थाळीफेकीची रीत रूढ झाली. पंखाच्या टोकाशीं बसविलेली लहान खुंटी बोटांत धरून एक पूर्ण गिरकी घ्यावयाची, व तोंड वाऱ्याकडे येतांच विमान सोडावयाचें. स्पर्धेच्या नियमानें पंखविस्तार १५० सेंटिमीटरांहून अधिक नसतो. तरी कुशल हातचें विमान ६० मीटरांपर्यंत चढतें. याचें कारण बाहुबल नव्हे. हात व पंख मिळून त्रिज्या लांबते, आणि त्रिज्या लांबली म्हणजे तेवढ्याच गिरकींत वेग वाढतो.

नवशिका मात्र दंडाच्या जोरावर भिस्त ठेवितो. मग खांदा दुखावतो, आणि अवेळीं सुटलेलें विमान पाहणारांच्या अंगावर जातें. यास्तव शिक्षकाच्या नात्यानें आम्ही पालकांस विनवितों कीं, मुलास 'जोरानें फेक' असें न सांगतां, मोकळ्या मैदानावर, भोंवतीं कोणी नसतां, प्रथम सावकाश गिरकी व अचूक सुटका शिकवावी. जोर वयाबरोबर येतोच; हातास वळण मात्र आरंभींच लागावें लागतें.