पॅनल जिंकते, भावकी हरते!

निवडणूक पाच वर्षांची असते, नाते जन्माचे असते. हे शेंबड्या पोरालाही कळते. तरीही यवतमाळ जिल्ह्यातील गावागावांत आज काय दिसते? एका आजोबाची नातवंडे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. चुलतभावाच्या मयतीला माणूस जातो, पण स्मशानातून परस्पर घरी परततो, त्याच्या दारात बसत नाही. भाटवा दुसऱ्या गटाचा म्हणून भाऊ बहिणीच्या घरी पाय ठेवत नाही. एकाच बुद्ध विहारासमोरून 14 एप्रिलच्या दोन मिरवणुका निघतात आणि दोन्हींच्या अग्रभागी बाबासाहेबांचीच प्रतिमा असते! हे सारे कशामुळे? वावराच्या धुऱ्यामुळे नव्हे, वाटणीमुळे नव्हे. कोण कोणत्या झेंड्याखाली उभा राहिला, एवढ्यावरून.

याला कुणी घरगुती भांडण म्हणेल. आम्ही म्हणत नाही. ज्या समाजाकडे जमीन नाही, कारखाना नाही, बँक नाही, त्या समाजाची खरी पुंजी म्हणजे त्याची माणसे. ती माणसेच एकमेकांना पारखी झाली, तर चळवळ कुणाच्या खांद्यावर उभी राहणार?

हे भांडण लागते कसे, ते आधी नीट पाहू. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ती पॅनलवर होते. प्रभाग अनुसूचित जातीसाठी राखीव निघाला की गावचे दोन वजनदार पुढारी आमच्या वस्तीत येतात. एरवी ते इकडे फिरकत नाहीत. एकाचे पॅनल थोरल्या भावाच्या घरात उमेदवार शोधते, दुसऱ्याचे पॅनल धाकट्याच्या घरात. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. जागा महिलेची असली की जावा-जावांना एकमेकींसमोर उभे केले जाते. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2017 साली आली, 2020 साली गेली आणि 2022 साली परत आली. तेव्हापासून ही चुरस आणखी वाढली, कारण खुर्ची एकच आणि तीही राखीव. मतमोजणी होते. एक भाऊ जिंकतो, एक हरतो. आणि ज्यांनी त्यांना उभे केले ते दोन पुढारी? ते आठ दिवसांनी बाजार समितीत एका टेबलावर चहा पितात! त्यांचे काहीच बिघडलेले नसते. बोलणे बंद होते ते फक्त आमच्या दोन घरांत.

विधानसभेला हेच मोठ्या प्रमाणावर होते. उमरखेड मतदारसंघ 2009 च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. तिथे प्रत्येक पक्षाला उमेदवार अनुसूचित जातींतूनच द्यावा लागतो. म्हणजे कोणताही पक्ष जिंको, लढत मात्र आपल्याच माणसांत लागते. उमेदवार आपला, कार्यकर्ता आपला, पोस्टर फाडणारा आपला आणि पोलीस ठाण्यात जाणाराही आपलाच!

मान्यवर कांशीराम यांनी 24 सप्टेंबर 1982 रोजी, पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ‘चमचा युग’ हे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. राखीव जागेवरचा प्रतिनिधी इतरांच्या मतांवर आणि इतरांच्या पक्षाच्या मेहेरबानीवर निवडून येत असेल, तर तो समाजाचा राहत नाही, हातातले हत्यार बनतो, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांचा रोख व्यवस्थेवर होता. आज त्या शब्दाचे आम्ही काय केले? भाऊ भावाला चमचा म्हणतो, पुतण्या काकाला दलाल म्हणतो, मोबाईलवरच्या घरच्याच गटात मामाला गद्दार ठरवले जाते. व्यवस्था सुखरूप आहे, घायाळ फक्त घरे आहेत.

आता मोठ्यांच्या घरात काय होते, तेही पाहा. पुसदचे नाईक घराणे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते, सुधाकरराव नाईक 1991 ते 1993 या काळात. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत याच घराण्यातले दोन चुलतभाऊ पुसदमध्ये समोरासमोर उभे राहिले. इंद्रनील नाईक राष्ट्रवादीकडून, निलय नाईक भाजपकडून. इंद्रनील विजयी झाले. बारामतीत 2024 साली लोकसभेला नणंद-भावजय आणि त्याच वर्षी विधानसभेला काका-पुतण्या लढले, हेही सर्वांनी पाहिले. लोकसभेचा निकाल लागल्यावर, बहिणीच्या विरोधात घरचा उमेदवार द्यायला नको होता, राजकारण घरात शिरू द्यायचे नसते, असे अजित पवार यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले.

मोठ्या घराण्यात भाऊ दोन पक्षांत गेले, तर सत्ता कोणाचीही येवो, घराण्याचा एक पाय सत्तेत राहतो. त्यांच्या संस्था चालतात, त्यांची वावरे पिकतात. गरिबाच्या घरात दोन भाऊ दोन पक्षांत गेले तर काय उरते? एकाला वॉर्डातला नळ मिळत नाही, दुसऱ्याला घरकुलाच्या यादीत नाव लागत नाही, आणि दोघांना एकमेकांचा आधारही राहत नाही. पुढाऱ्यांची भांडणे आमच्या वस्तीत आणून लढणे परवडणारे नाही, ते यासाठी.

आमच्या चळवळीला तर या दुखण्याचा अनुभव फार जुना आहे. 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि अल्पावधीतच ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट पडले. पुढे गटांची नावे नेत्यांच्या आडनावांनी ओळखली जाऊ लागली. 1972 साली दलित पँथर उभी राहिली आणि दोनच वर्षांत तीही फुटली. 1998 साली मात्र सारे एक झाले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे सर्वसाधारण जागांवरून लोकसभेत गेले. त्यात अकोला आणि अमरावती या तर यवतमाळच्या शेजारच्या जागा! ते ऐक्यही टिकले नाही. 2024 साली अमरावतीत आनंदराज आंबेडकर यांना वंचित बहुजन आघाडीने पाठिंबा दिला होता. जुलै 2025 मध्ये त्यांच्या रिपब्लिकन सेनेने एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेशी युती केली, वंचितने तो रस्ता धरला नाही. बाबासाहेबांच्या नातवांचे मार्ग वेगळे होऊ शकतात, तर दारव्हा-दिग्रसच्या एखाद्या घरात दोन भावांचे मत वेगळे झाले म्हणून आकाश कोसळण्याचे कारण काय?

मत वेगळे असणे हा गुन्हा नव्हेच. ज्याने आम्हांला एक माणूस, एक मत, एक मूल्य शिकवले त्याच्या अनुयायांना हे सांगावे लागू नये. बापाने सांगितले तिथे शिक्का मारणारे घर हे लोकशाहीचे घर नव्हे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. आज घराघरांत जे भांडण आहे ते विचारांचे कमी आणि या भक्तीचे जास्त आहे. विचाराला उत्तर विचाराने देता येते. भक्ताला उत्तर नको असते, त्याला शरणागती हवी असते.

आणि मतभेदात कसे वागावे, याचा धडा तर आमच्या धम्माच्या मुळाशी आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत असे सांगितलेले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. कोलीय हे शाक्यांचे शेजारी आणि सोयरे. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला, दोन्ही बाजूंची माणसे निवडून वाद मिटवावा असे सुचवले. मतदान झाले आणि तो अल्पमतात गेला. सैन्यात यायला त्याने नकार दिला, तेव्हा त्याच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी आली. सिद्धार्थाने काय केले? मत बदलले नाही. पण माझ्या मताची शिक्षा माझ्या घराला नको, असे म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करली. आई-बापांकडे संमती मागितली. यशोधरेने त्याच्या निर्णयाला बळ दिले. मताशी प्रामाणिक राहूनही नाते राखता येते, हे यापेक्षा अधिक स्पष्ट कसे सांगावे?

दुसरा धडा सावित्रीमाईंचा. 1849 साली गोविंदरावांनी समाजाच्या दडपणाखाली जोतीराव आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढले. त्यांनी घर सोडले, शाळा सोडली नाही. 1856 साली सावित्रीबाई आजारी असल्याने नायगावला माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात भावाशी झालेला वाद आहे. भाऊ त्यांची सेवा करत होता आणि त्याच वेळी तुम्ही महार-मांगांसाठी काम करून कुळाला बट्टा लावता, असेही म्हणत होता. सावित्रीबाई माहेर सोडून निघून गेल्या नाहीत आणि भाऊ शुश्रूषा करतो म्हणून गप्पही बसल्या नाहीत. जनावरांना गोंजारणारा तू माणसाला शिवत नाहीस, हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितले. शेवटी भावाला पश्चात्ताप झाला. दार बंद केले असते, तर हा वाद झाला नसता आणि भाऊ बदललाही नसता.

1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिल्यापासून बौद्ध आणि मातंग वस्त्यांत जे कडवट बोलले जात आहे, तिथेही सावित्रीमाईंचे हे पत्र वाचावे. निकालावर जरूर वाद करावा. पण ज्या दोन समाजांची नावे त्या माऊलीने एका श्वासात घेतली, त्यांनी एकमेकांची पंगत तोडू नये.

कुणी विचारील, संविधान धोक्यात आणणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्या भावाशीही गोड बोलायचे काय? आमचे उत्तर असे. गोड बोलू नका, खरे बोला. त्याच्या उमेदवाराला पाडा, त्याच्या सभेला उत्तर देणारी सभा घ्या. पण त्याच्यावर बहिष्कार टाकू नका. बहिष्कार हे कुणाचे हत्यार आहे? ज्यांनी आमच्या बापजाद्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांचे. बाबासाहेबांनी 1927 साली ‘बहिष्कृत भारत’ काढले ते हा बहिष्कार मोडण्यासाठी. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराच्या विरोधात 2016 साली स्वतंत्र कायदा केला. तेच गंजलेले हत्यार उचलून आम्ही सख्ख्या भावावर चालवायचे?

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. सुनेला मारहाण, मुलीची शाळा बंद करणे, आंतरजातीय लग्न केलेल्या पोराच्या जिवावर उठणे, याला मतभेद म्हणत नाहीत. तिथे नात्याची भीड धरू नये, पीडिताच्या बाजूने उभे राहावे, गरज पडली तर पोलिसांत जावे. कुटुंब टिकवा याचा अर्थ घरातल्या दुबळ्याने सोसावे, असा होत नाही.

यवतमाळ जिल्ह्याला हे सारे सांगण्याचे खास कारण आहे. हा कोरडवाहू कापसाचा मुलूख. शेतकरी आत्महत्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर पोचवले. पेरणी उलटली, बोंडअळी आली, दवाखान्याचा खर्च निघाला की माणूस सावकाराच्या दारात जाण्याआधी भावाच्या, मामाच्या, भाटव्याच्या दारात जातो. हजार-दोन हजार मिळोत न मिळोत, ‘बस, भाकर खा, पाहू काय करायचे ते’ हे शब्द मिळतात. त्या शब्दांनी माणूस रात्र काढतो. निवडणुकीने ते दारच बंद केले, तर त्या रात्री तो कुठे जाईल? कोणता पॅनलप्रमुख मध्यरात्री त्याला दार उघडणार आहे?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. एका घरातील दोघांना दोन पॅनल विचारायला आले, तर अर्ज भरण्याआधी भावकीने विहारात एकत्र बसावे. जमले तर एकच उमेदवार ठरवावा आणि अटी आपण घालाव्यात. नाही जमले, तर लढावे, पण आई-बाप, लेकीबाळी आणि मेलेल्यांची नावे प्रचारात आणू नयेत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याने हरलेल्याच्या घरी जावे; मोठेपण जिंकलेल्याने दाखवायचे असते. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन यांत कोणत्याही पक्षाचा सत्कार नको. 14 एप्रिल, 14 ऑक्टोबर आणि 6 डिसेंबर या तीन दिवशी तरी गावात एकच कार्यक्रम व्हावा. विहाराला एक दार असते, गटागटाची वेगळी दारे नसतात.

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाकडून घेतली, असे बाबासाहेबांनी 1954 साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. स्वातंत्र्य आणि समता यांच्यासाठी आम्ही मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. बंधुतेसाठी मोर्चा काढता येत नाही. तिच्यासाठी शेजारच्या घरापर्यंत चालत जावे लागते. रुसून बसलेल्या भावाकडे या आठवड्यात जाऊन या. मत त्याचे त्याच्यापाशी, तुमचे तुमच्यापाशी. जय भीम म्हणायला दोघांनाही कुणाची उमेदवारी लागत नाही.