स्पाक संधिसाधू होते काय?

वारा फिरेल तशी पाठ फिरवणारा पुढारी, हा बेल्जियमचे समाजवादी नेते पॉल-आंरी स्पाक यांच्यावरचा जुना आक्षेप. आक्षेपकांकडे दाखले भरपूर आहेत. इटलीच्या युवराजावर ब्रुसेल्समध्ये गोळी झाडणाऱ्या फर्नांदो दे रोझाचे वकीलपत्र १९३० साली याच स्पाक यांनी घेतले. पक्षातल्या मवाळांवर ते तुटून पडत, आणि १९३५ मध्ये स्वतःच मंत्री झाले. १९३६ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी तटस्थतेचा पुरस्कार केला. १९५७ मध्ये नाटोचे सरचिटणीसपद स्वीकारले. अशा माणसाला तत्त्व कसले?

हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण त्यात १० मे १९४० हा दिवस गाळलेला आहे.

त्या पहाटे जर्मन फौजा तटस्थ बेल्जियममध्ये घुसल्या. जर्मन राजदूत खलिता वाचायला आला, तेव्हा त्याला थांबवून स्पाक यांनी आधी आपला निषेध ऐकवला. चार वर्षे जपलेले धोरण मातीमोल झाले होते. पुढचा उन्हाळा मात्र त्यांना शोभणारा नव्हता. फ्रान्स कोसळल्यावर पंतप्रधान प्येर्लो यांचे सरकार डळमळले आणि जर्मनांशी बोलणी करण्याची धडपडही झाली. हे झाकण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर प्येर्लो आणि स्पाक ट्रकच्या चोरकप्प्यात दडून स्पेनमधून पोर्तुगालला निसटले आणि ऑक्टोबरमध्ये लंडनला पोहोचले. लंडनवर तेव्हा रात्रंदिवस बॉम्ब पडत होते आणि विजयाची चिन्हे कुठेच नव्हती. संधी शोधणारा माणूस अशा ठिकाणी जात नाही.

छोट्या देशाची तटस्थता बलाढ्य शेजाऱ्याच्या मर्जीवर टिकते, हा धडा त्यांनी पुढे सोडला नाही. युद्ध चालू असतानाच, सप्टेंबर १९४४ मध्ये, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांचा जकात-करार लंडनमध्ये झाला. १९५४ मध्ये फ्रेंच संसदेने युरोपीय संरक्षण समुदायाची योजना उडवून लावली आणि युरोपची एकजूट संपल्यासारखी झाली. त्यांना स्वप्नाळू म्हणणाऱ्यांनी यानंतरचे काम पाहावे. इटलीतल्या मेसिना येथील बैठकीनंतर युरोपातल्या सहा देशांच्या समितीची धुरा स्पाक यांच्याकडे आली. त्यांनी सैन्य आणि संघराज्य हे विषय बाजूला ठेवून जकात, बाजारपेठ आणि अणुऊर्जा यांवर जोर दिला. एप्रिल १९५६ च्या त्यांच्या अहवालावर वाटाघाटी होऊन २५ मार्च १९५७ रोजी रोमचे करार झाले.

त्यांच्या भक्तांचेही सगळे मान्य करता येत नाही. ते पुन्हा परराष्ट्रमंत्री असताना, नोव्हेंबर १९६४ मध्ये, काँगोतल्या स्टॅनलीव्हिलमध्ये ओलीस सोडवण्यासाठी बेल्जियन छत्रीधारी सैनिक उतरले. ओलिसांचे प्राण महत्त्वाचे होतेच. पण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात जुन्या सत्ताधाऱ्यांचे सैन्य पुन्हा उतरल्यावर आफ्रिकी देशांचा संताप उसळला, आणि तो रास्त होता. स्पाक यांच्या कारकिर्दीवर खरा आघात करायचा तर तो इथे करावा.

संधिसाधूपणाचा आरोप मात्र १९६६ मध्ये पुरता ढासळतो. फ्रान्समधून हलवावे लागलेले नाटोचे ठाणे बेल्जियमने घ्यावे की नाही, यावर त्यांचे स्वपक्षीयांशी फाटले. माघार घेऊन पक्षातले ज्येष्ठत्व टिकवणे सोपे होते. स्पाक यांनी खासदारकी सोडली.